हवेची टाकी गाडीतून नेताना

काटेवाडीवरून जाणाऱ्या बारामती–इंदापूर रस्त्यावर दिवसभर जी वाहने धावतात, त्यांतली कितीतरी सीएनजीवर चालतात. त्यांच्या डिकीत किंवा सीटमागे बसवलेल्या सिलिंडरमध्ये पंपावर 200 बार दाबाने गॅस भरलेला असतो. हा गॅस पेट घेणारा. तरीही त्या गाडीत आपण लेकराबाळांसह निर्धास्त बसतो. याच रस्त्याने कुणी पाणबुड्यांची, म्हणजे स्कूबाची, एक टाकी डिकीत टाकून निघाला, तर मात्र शेजारचा विचारतो, "उन्हात फुटणार नाही ना ही?" या टाकीतला दाबही साधारण 200 बारच. आत इंधन नाही, आपण श्वासात घेतो तीच हवा, गाळून आणि कोरडी करून भरलेली. दाब सारखा, आतला वायू अधिक निरुपद्रवी, आणि भीती मात्र जास्त. ही भीती खोटी आहे का? माझ्या मते ती खोटी नाही, चुकीच्या जागी लागलेली आहे. सीएनजीची टाकी पोलादी पट्ट्यांनी आणि बोल्टने गाडीच्या सांगाड्याला जखडलेली असते, तर स्कूबाची टाकी बहुतेक वेळा सुटी पडलेली असते. खरा फरक एवढाच आहे, आणि प्रवासातला जवळजवळ सगळा धोका त्याच फरकातून निघतो.

समुद्रापासून इतक्या दूर या प्रश्नाचे काय काम, असे वाटेल. पण काटेवाडीहून उत्तरेला निघाले की तासाभराच्या आत उजनीचा फुगवटा लागतो. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, एनडीआरएफला, बोलवावे लागले. या दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. धरण, नदी, विहीर, कालवा, कुठेही पाण्याखाली माणूस शोधायचा झाला, तर पाणबुड्यांचा सगळा सरंजाम रस्त्यानेच येतो, तोही घाईत. शिवाय मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांपैकी काही जण पुढे रीतसर शिकतात आणि स्वतःचे साहित्य घेतात. तिथून इथवरचा रस्ता घाट चढून येतो. थोडक्यात, ही टाकी आपल्या रस्त्यांवर आहे. आणि वर्कशॉपकडे जाणाऱ्या पिकअपमधले ऑक्सिजनचे काळे सिलिंडर धरले, तर तिची भावंडे रोजच दिसतात.

तीन हजार पॉइंट म्हणजे किती?

गॅरेजमध्ये मोटारीच्या चाकात आपण 30–32 पॉइंट हवा भरतो. बारच्या हिशोबात ती सव्वादोन बारच्या आसपास. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब. स्कूबाची सर्वांत जास्त वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी 207 बारला, म्हणजे 3000 पॉइंटला भरतात. तिच्या पोटात पाणी मावते फक्त 11 लिटर, पण या दाबाने कोंबलेली हवा मोकळी सोडली तर सव्वादोन हजार लिटरच्या घरात जाते. हवेलाही वजन असते. एवढी हवा साधारण अडीच-पावणेतीन किलो भरते. रिकाम्या टाकीचे वजन 14 किलो, भरलेलीचे सतरा किलोच्या जवळपास. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढचा निम्मा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

दाबलेल्या हवेत शक्ती साठलेली असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशी एक भरलेली टाकी एका क्षणात फुटली, तर सुटणारी ऊर्जा सुमारे अर्धा मेगाज्यूल निघते. बाराशे किलोची मोटार ताशी 100 किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात जितकी ऊर्जा असते, तितकीच ही. म्हणून "हवाच तर आहे" हे वाक्य माणसाला बेफिकीर करते आणि ते बोलू नये. प्रश्न एवढाच उरतो की ही ऊर्जा प्रवासात कशामुळे मोकळी होऊ शकते. लोक पहिले बोट उन्हाकडे दाखवतात, म्हणून आधी उन्हाचाच हिशोब करू.

उन्हाचा हिशोब

बंद टाकीतल्या वायूचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. मात्र हे तापमान आपल्या नेहमीच्या शून्यापासून मोजून चालत नाही. ते उणे 273 अंशांपासून मोजावे लागते, कारण वायूच्या रेणूंची हालचाल तिथे जवळपास थांबते. आपले 27 अंश म्हणजे त्या मापाने 300. आता वैशाखातल्या दुपारी काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत आतले तापमान 65 अंशांवर गेले असे धरू. त्या मापाने ते 338 होते. 300 चे 338 म्हणजे जेमतेम तेरा टक्क्यांची वाढ. 200 बारची टाकी 225 बारवर जाईल, त्यापुढे नाही. थर्मामीटरवरचा आकडा दुपटीहून वाढलेला दिसतो, म्हणून दाबही दुप्पट होईल असे मनाला वाटते. भीतीचे मूळ या चुकीच्या त्रैराशिकात आहे.

आणि 225 बार टाकीला झेपतो का? अशा टाकीची चाचणी तिच्या कामाच्या दाबाच्या पावणेदोन पटीच्या जवळ, नेमके सांगायचे तर पाच तृतीयांश पटीने घेतली जाते. 207 बारची टाकी 345 बारला तपासलेली असते. ही चाचणी हवेने करत नाहीत, पाण्याने करतात. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे चाचणीत टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. दर पाच वर्षांनी ही चाचणी आणि मध्ये दरवर्षी आतून पाहणी ही पाणबुड्यांमध्ये अनेक ठिकाणी रूढ झालेली शिस्त आहे. बऱ्याच टाक्यांच्या व्हॉल्व्हमध्ये धातूची एक पातळ चकतीही असते. दाब चाचणीच्या पातळीजवळ पोचला की ती चकती फाटते, हवा मोठ्या आवाजाने निघून जाते आणि टाकी वाचते. 200 बारला भरलेल्या टाकीचा दाब नुसत्या उष्णतेने चाचणीच्या 345 बारपर्यंत न्यायचा, तर टाकी सव्वादोनशे अंशांहून अधिक तापवावी लागेल. एवढे ऊन बारामतीतच काय, कुठेच पडत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हा सगळा हिशोब धडधाकट टाकीचा झाला. जिची चाचणी चुकली आहे, जी आतून गंजली आहे किंवा जिच्यात "थोडी जास्त हवा मारली" आहे, तिचे काय? अशा टाकीला हा हिशोब लागू पडत नाही, हे खरेच. जास्त भरलेली टाकी आपली राखीव ताकद उन्हाआधीच खर्च करून बसलेली असते. जुन्या काळी 6351 नावाच्या मिश्रधातूपासून बनवलेल्या ॲल्युमिनियम टाक्यांच्या मानेत वर्षानुवर्षांच्या ताणाने बारीक चिरा पडल्याचे आढळले, आणि लक्सफर या मोठ्या उत्पादकाने अमेरिकेत 1988 साली तो धातू सोडून 6061 वापरायला सुरुवात केली. पण यातून निघणारा धडा उन्हाचा नाही, तपासणीचा आहे. टाकीच्या खांद्यावर कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती तारीख वाचता येत नसेल किंवा उलटून गेली असेल, तर ती टाकी गाडीत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. ती भरायचीच नाही. सावलीत गाडी लावणे, उघड्या पिकअपमध्ये टाकीवर गोणपाट टाकणे हे चांगलेच, पण तेवढे केले म्हणजे काळजी घेतली असे समजून पुढचा भाग विसरला जातो, आणि तो भाग जास्त महत्त्वाचा आहे.

सुटलेले सतरा किलो

गाडी थांबते तेव्हा ती ब्रेकमुळे थांबते. आतली वस्तू गाडीला जखडलेली नसेल, तर ती आधीच्याच वेगाने पुढे जात राहते. गाडीच्या तळाशी होणारे घर्षण तिला थोडे अडवते. स्कूबाची टाकी गोल आहे, त्यामुळे आडवी पडली तर तिला हे घर्षणही फारसे अडवत नाही, ती घरंगळते. कडक ब्रेक लागल्यावर सतरा किलोच्या टाकीवर सुमारे चौदा किलो वजनाइतका जोर येतो. एवढा जोर ती सीटखाली किंवा थेट ब्रेकच्या पायाखाली जायला पुरेसा आहे. पण खरी परीक्षा धडकेत असते. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी झाडावर आदळली आणि पुढचा भाग चेपत साठ सेंटिमीटरमध्ये थांबली असे धरा. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी तेवीस-चोवीस पट जोर पडतो. सतरा किलोच्या टाकीसाठी तो चारशे किलोच्या घरात जातो. पुढच्या सीटवर बसलेल्याच्या पाठीमागे हा भार सुटा पडलेला असतो आणि त्याच्याच दिशेने निघतो. यासाठी टाकीत हवा असण्याचीही गरज नाही.

हवेचा संबंध येतो तो व्हॉल्व्हमुळे. टाकीचे अंग जाड आणि दणकट असते, पण तिच्या मानेत बसवलेला पितळी व्हॉल्व्ह बाहेर डोकावत असतो. टाकी पडली किंवा कशावर आपटली, तर सगळ्यात आधी घाव बसण्याची शक्यता त्याच्यावर. तो मोडून केवळ एक चौरस सेंटिमीटरचे भोक मोकळे झाले, तरी 200 बार दाब त्या भोकातून सुरुवातीला दोनशे किलोहून अधिक जोराने हवा बाहेर फेकतो आणि तितक्याच जोराने टाकीला उलट्या दिशेला ढकलतो. तिच्या स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट हा जोर आहे. स्कूबाचे व्हॉल्व्ह मजबूत असतात आणि असे मोडणे क्वचितच घडते, हेही सांगितले पाहिजे. याहून नेहमीचा प्रकार साधा आहे. टाकी घरंगळताना व्हॉल्व्हची गोल मूठ घासून फिरते आणि हवा सुटू लागते. बंद गाडीत अचानक कान फाडणारा आवाज आला, तर चालक दचकतो, स्टिअरिंग हलते. मूठ हाताने घट्ट बंद केलेली असणे आणि ती कुठल्याही वस्तूला टेकलेली नसणे, या दोन गोष्टींनी हे टळते. रेग्युलेटर टाकीला जोडूनच प्रवास करण्याची सवय मात्र वाईट. त्यामुळे व्हॉल्व्हवर आणखी एक तरफ बसवल्यासारखे होते.

उभी की आडवी?

आपल्या भागात पिकअपमधून दुधाचे कॅन जाताना रोज दिसतात. ते उभेच असतात आणि सहसा पडत नाहीत. त्याची कारणे दोन. कॅन उंचीच्या मानाने रुंद असतो, आणि ते एकमेकांना खेटून भरलेले असतात. कॅन निम्मेच असले, मध्ये जागा राहिली, की तेही आपटू लागतात. स्कूबाच्या टाकीला यांपैकी एकही सोय नाही. ती सुमारे 65 सेंटिमीटर उंच आणि 18 सेंटिमीटर रुंद असते, आणि सहसा एकटी किंवा जोडीने प्रवास करते. उभी केलेली टाकी पहिल्याच वळणावर व्हॉल्व्हसकट पडते. म्हणून खास खाचांची चौकट नसेल, तर टाकी आडवीच ठेवावी.

आडवी ठेवायची तर कोणत्या दिशेला, यावर पाणबुड्यांत मतभेद आहेत. गाडीच्या लांबीला समांतर ठेवली तर ब्रेक लागल्यावर ती घरंगळत नाही, हा एका बाजूचा मुद्दा आणि तो खरा आहे. पण बांधणी तुटली तर तीच टाकी टोकाने पुढे घुसते आणि सगळा जोर तळव्याएवढ्या जागेवर एकवटतो. वळणावर ती घरंगळते ते वेगळेच. गाडीच्या रुंदीला समांतर, मागच्या सीटच्या पाठीला अंगभर टेकवून ठेवली, तर धडकेत जोर लांब पट्टीवर पसरतो आणि पाठीमागचा आधार सुरुवातीपासूनच मिळतो. तिला घरंगळायला पुढे जागाच उरत नाही. मला दुसरी पद्धत अधिक पटते, कारण ती बांधणी ढिली पडण्याची शक्यता गृहीत धरून आखलेली आहे. जागेअभावी लांबीलाच ठेवावी लागली, तर व्हॉल्व्ह मागच्या बाजूला असावा आणि टाकीचा तळ भक्कम आडोशाला टेकलेला असावा.

बांधायला सुतळी किंवा लवचिक रबरी दोर वापरू नये. ताणला जाणारा दोर टाकीला धरत नाही, उशिरा सोडतो एवढेच. मालवाहतुकीत वापरतात तो रॅचेटचा पट्टा हवा, आणि तो गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या कड्यांत अडकवलेला हवा. प्लास्टिकच्या आवरणातले हूक पिशव्यांसाठी असतात, टाकीसाठी नसतात. सीटबेल्ट चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. तो माणसाच्या खांद्या-कमरेच्या आकारासाठी आखलेला असतो, गुळगुळीत गोल टाकी त्याच्याखालून निसटते. नाइलाज असेल तर चालवावा, पण त्याला बांधणी म्हणू नये.

| चौकट: गाडी सुरू करण्याआधी |
|---|
| खांद्यावरची चाचणीची तारीख पाहिली. व्हॉल्व्ह हाताने बंद, रेग्युलेटर वेगळा. टाकी आडवी, मागच्या सीटला टेकलेली, खाली रबरी चटई, दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे. दोन ठिकाणी रॅचेट पट्टा, धातूच्या कड्यांत. दोन टाक्या एकमेकींवर आपटणार नाहीत असे काहीतरी मध्ये. त्याच डब्यात पेट्रोलचा कॅन नाही. हाताने जोर लावून ढकलल्यावर टाकी जागची हलत नाही. |

"रिकामी आहे, राहू दे तशीच"

परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य हे, आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणा याच वेळी होतो. वरचे दोन आकडे इथे उपयोगी पडतात. भरलेल्या टाकीच्या सतरा किलोंत हवा अडीच-पावणेतीन किलो, बाकी चौदा किलो धातू. सगळी हवा संपली तरी धडकेतला चारशे किलोंचा जोर सव्वातीनशेच्या खाली येत नाही. शिवाय वापरून झालेली टाकी खरोखर रिकामी नसतेच. शिस्तीचे पाणबुडे तिच्यात मुद्दाम थोडा दाब राखतात, कारण दाब पूर्ण गेला की बाहेरची दमट हवा किंवा पाणी आत शिरते आणि आतून गंज धरू लागतो. भरलेली असो वा वापरलेली, बांधणी एकच ठेवली की हा विचार करावाच लागत नाही.

कायदाही असा फरक फारसा करत नाही. भारतात दाबाखालच्या वायूंच्या सिलिंडरना 2016 चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि ते राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. वाहतुकीबाबत हे नियम जे सांगतात, ते वाचले की त्यांचा भर कशावर आहे ते लगेच कळते. सिलिंडर गाडीच्या कडेबाहेर डोकावता कामा नये. तो हलणार, पडणार किंवा दुसऱ्यावर आपटणार नाही असा अडवून-आवळून ठेवावा. गाडीच्या आत अणकुचीदार भाग नसावेत. लगेच पेट घेणारा किंवा धातू खाणारा माल सोबत नसावा. भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा दुचाकीवरून नेऊ नये. हा शेवटचा नियम आपल्याकडे सर्रास मोडला जातो. मोडणाऱ्याला वाटते, स्वयंपाकाचा गॅस पेट घेतो म्हणून हा नियम असावा, तेव्हा हवेच्या टाकीला सूट असेल. पण दुचाकीवर सतरा किलोंचा गोल भार नीट जखडताच येत नाही, हे हवेच्या टाकीबाबतही तितकेच खरे आहे.

हवेऐवजी टाकीत शुद्ध ऑक्सिजन किंवा ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले मिश्रण असेल, तर एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला झपाट्याने जाळतो. व्हॉल्व्हला ग्रीस, तेलकट हात किंवा तेलाचे फडके लागू द्यायचे नाही, आणि गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवायच्या. कोविडच्या लाटेत अनेक घरांनी रुग्णासाठी ऑक्सिजनचे छोटे सिलिंडर मोटारीतून आणले. त्यांतला 10 लिटरचा, 150 बारचा सिलिंडर स्कूबाच्या टाकीच्या अगदी जवळचा. बांधणीचे वरचे सगळे त्यालाही लागू पडते.

घाट चढताना

मालवणहून टाकी घेऊन आंबोलीचा घाट चढलो, तर वर हवा विरळ असल्याने टाकीवरचा ताण वाढत नाही का? वाढतो, पण किती ते पाहा. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. तिथे वातावरणाचा दाब समुद्रकाठापेक्षा जेमतेम 0.08 बारने कमी. 200 बारपुढे ही वाढ काहीच नाही. बारामतीचा परिसर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथे तर त्याहूनही कमी.

उंचीचा विचार करावा लागतो तो माणसासाठी. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतल्यावर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला असतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. त्याआधीच उंचीवर गेलो, तर तो सांध्यांत आणि रक्तात बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. पर्यटकांच्या उथळ पाण्यातल्या एका बुडीनंतर हा धोका कमी असतो. पण दिवसभर किंवा सलग काही दिवस खोल डुबक्या मारणाऱ्याने लगेच घाटाला लागू नये. विमानप्रवासाआधी बारा ते अठरा तास थांबण्याची शिफारस याच कारणाने केली जाते. उजनीत तर उलट गोष्ट आहे. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 497 मीटर असते. 300 मीटरहून उंच ठिकाणच्या पाण्यात उतरताना पाणबुड्यांना आपली वेळापत्रके त्या उंचीनुसार बदलावी लागतात.

गाडीला आग लागली तर

उन्हाबाबत निर्धास्त राहण्याची सगळी कारणे आगीपुढे गळून पडतात. आगीत टाकी सहज दोनशे अंशांपलीकडे जाते. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट घडू शकते. भरलेल्या टाकीत दाब लवकर वाढतो, चकती फाटते आणि हवा निघून जाते. अर्धी भरलेली टाकी मात्र चकती फाटण्याइतक्या दाबाला पोचण्याआधीच तिचा ॲल्युमिनियम तापून मऊ पडू शकतो आणि टाकी कमी दाबावरच फाटू शकते. म्हणून जळत्या गाडीत टाक्या असतील, तर त्या अर्ध्या आहेत की भरलेल्या हे न पाहता लांब जावे आणि अग्निशमन दलाला त्या असल्याचे आणि कुठे आहेत ते सांगावे. ते आडोशामागून पाण्याचा मारा करून त्या थंड करतात. आगीत सापडलेली ॲल्युमिनियमची टाकी वरून धडधाकट दिसली तरी ती पुन्हा भरायची नाही. सुमारे पावणेदोनशे अंशांच्या वर तापलेल्या या धातूची ताकद कायमची उतरते आणि थंड झाल्यावर परत येत नाही. रंग फुगलेला, करपलेला किंवा चिकटवलेले लेबल जळालेले दिसले, तरी ती तपासणाऱ्याकडे द्यावी. अशी टाकी तो सहसा भोक पाडून बादच करतो.